कचरा निवडण्याची शाळा

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात सेंट सेव्हिअर्स नावाचं जुनं चर्च आहे. तिथली प्रार्थना केव्हाच थांबली. 1990 साली यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टने या वास्तूत लोकांना जुन्या वस्तू हाताळू देणारं केंद्र उघडलं, आणि 2006 मध्ये त्याचं रूप पालटून ‘डिग’ सुरू झालं. इथे मुलांच्या हातात ट्रॉवेल देतात आणि समोर चार खड्डे असतात: रोमन, व्हायकिंग, मध्ययुगीन, व्हिक्टोरियन. हे काळ नुसते शोभेला निवडलेले नाहीत. यॉर्कच्या जमिनीत ते खरोखरच एकाखाली एक दडलेले आहेत.

खड्ड्यात माती नाही, रबराचा चुरा आहे. कपडे मळत नाहीत, त्यामुळे आईबाप खूश. उत्खननाचे असे खेळ आपल्याकडच्या शिबिरांतही होतात. वाळूत मडकी पुरायची, मुलांनी उकरायची, काही सापडलं की टाळ्या! गंमत येते, पण ते गुप्तधन शोधणं झालं. खऱ्या उत्खननात एकदा काढलेला थर परत घालता येत नाही. म्हणून वस्तू उचलण्याआधी ती कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे लिहून ठेवावं लागतं. रबराचा खड्डा पुढच्या मुलांसाठी पुन्हा भरता येतो. त्यामुळे नेमकी हीच धास्ती तो शिकवू शकत नाही.

‘डिग’ची खरी कमाई मला खड्ड्यापेक्षा टेबलावर दिसते. तिथे हाडं, शिंपले, खापरं, कौलांचे तुकडे मुलांपुढे येतात आणि ते निवडायचे असतात. हाड गाईचं की मेंढीचं? त्यावर सुरीची खूण आहे का? खापराला आतून झिलई आहे की बाहेरून? पुरातत्त्वाचं बरंचसं काम हे असंच, तांदूळ निवडल्यासारखं चिकाटीचं असतं.

या चिकाटीला याच शहरात आधार आहे. ट्रस्टने 1976 ते 1981 या काळात कॉपरगेट भागात खणलं. तिथल्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या थरांत लाकूड, चामडं, कापडसुद्धा टिकून होतं. हाडांपासून केलेले बर्फावरचे स्केट्स मिळाले, एक विणलेला मोजाही मिळाला. सुमारे 40,000 वस्तू, आणि जनावरांची हाडं तर टनांनी. राजमुकुट नव्हे, बहुतेक सगळा घरगुती कचराच. त्यातूनच व्हायकिंगांचं शहर उभं राहिलं आणि 1984 मध्ये त्यावर जॉर्विक हे संग्रहालय झालं. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी हाडं आणि जळके दाणे जमवूनच ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्याचं ताट मांडलं होतं, हे पुण्याच्या वाचकाला सांगायला नको.

व्हिक्टोरियन खड्डा मला सर्वांत धीट वाटतो. त्यामागे यॉर्कची हंगेट वस्ती आहे. तिथे ट्रस्टने 2006 पासून मोठं उत्खनन केलं. ही गरिबांची वस्ती. सीबोम राउंट्री यांनी 1901 साली छापलेल्या गरिबीच्या पाहणीत तिचं वर्णन आहे, आणि 1930 च्या दशकात ती पाडली गेली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं दारिद्र्यही पुरातत्त्वात मोडतं, हे मुलांना कळणं मोठं आहे. आपल्या गिरणगावाच्या चाळींसाठी असा खड्डा कोण खणणार?

मुलांना मात्र यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं आकर्षण. 1972 साली यॉर्कमधल्या लॉइड्स बँकेच्या जागेवर व्हायकिंग काळातल्या एका माणसाच्या विष्ठेचा टणक झालेला तुकडा मिळाला, सुमारे 20 सेंटिमीटर लांब. किळस आली तरी नजर हटत नाही. तो माणूस बहुतेक मांस आणि पावावर जगत होता, आणि त्याच्या पोटात जंतांचा सुकाळ होता, हे त्यातल्या अंड्यांवरून समजलं. 2003 मध्ये पाहुण्यांना दाखवताना तो खाली पडून तीन तुकडे झाले. हात लावू देणाऱ्या जागेला ही किंमत मोजावी लागतेच. तुकडे जोडण्याचा खटाटोप झाला, पण मुलांना जुन्या वस्तूंना हात लावू देणं थांबलं नाही.