आठ देशांची वाट : भाग ४ – आधी खिंडी, मग नकाशा

ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर रस्त्यावर दर वर्षी एप्रिलमध्ये बर्फ उपसण्याचं काम सुरू होतं. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंनी यंत्रं निघतात, बर्फ कापत, बाजूला भिरकावत वर चढत जातात. या रस्त्याचे अभियंते फ्रान्झ वल्लाक यांनी १९५०च्या दशकात स्वतः आराखडा केलेली यंत्रं आजही हे काम करतात. १९३५ साली खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा रस्ता ३६ मोठी वळणं घेत जातो आणि त्यावरची होख्टोर खिंड २५०४ मीटर उंचीवर आहे. वाहतूक सहसा मेच्या सुरुवातीला सुरू होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला थांबते. मधले सहा महिने हा रस्ता नकाशावर असतो, प्रत्यक्षात नसतो.

मागच्या भागांमध्ये शेंगेन व्हिसा, आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आणि भाड्याची गाडी दुसऱ्या देशात नेण्याची परवानगी यांचा विचार झाला. आता मार्ग आखायचा. बहुतेक जण इथे शहरांपासून सुरुवात करतात : म्युनिक, इन्सब्रुक, बोल्झानो, झुरिक. ही ठिकाणं जोडली की प्रवास ठरला, असं वाटतं. आल्प्समध्ये मात्र क्रम उलटा हवा. आधी महिना ठरवावा, मग त्या महिन्यात उघड्या असलेल्या खिंडी निवडाव्यात, आणि मुक्कामाची गावं त्या खिंडींच्या पायथ्याशी शोधावीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं तत्त्व नवं नाही. दरडींच्या धोक्यामुळे पावसाळ्यात वरंध घाट बंद ठेवला जातो, तेव्हा भोर-महाड प्रवासाचा सगळा हिशेब बदलतो. आल्प्समध्ये एकाच मार्गावर असे चार-पाच घाट येतात, आणि प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. फ्रान्समधली इझरान ही २७६४ मीटरवरची खिंड आल्प्समधली सर्वांत उंच डांबरी खिंड. ती बहुधा जूनच्या मध्यापर्यंत उघडत नाही. इटलीतली स्टेल्व्हिओ, स्वित्झर्लंडमधल्या फुर्का आणि सुस्टेन याही मेअखेर किंवा जूनमध्ये खुल्या होतात. ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवरची ब्रेनर खिंड जेमतेम १३७० मीटरची, म्हणून तिथून महामार्ग बारा महिने चालतो. मेच्या सुट्टीत आल्प्स ओलांडायला निघालेल्यांच्या वाट्याला यातली फक्त ब्रेनर आणि बोगदे येण्याची शक्यता जास्त.

उत्तम काळ जूनअखेर ते सप्टेंबरअखेर. त्यातही ऑगस्टचा मध्य टाळावा, कारण १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि अर्धा देश रस्त्यावर उतरलेला असतो. शाळा उघडल्यानंतरचा सप्टेंबर सर्वांत चांगला. हवा स्थिर, खोल्या मिळतात, आणि वळणावर मागून हॉर्न वाजवणारं कुणी नसतं.

आता अंतरांबद्दल. स्टेल्व्हिओ हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. प्राटो गावापासून खिंडीपर्यंत सुमारे २४ किलोमीटर. एवढ्यात रस्ता १८०० मीटरहून अधिक चढतो आणि ४८ हेअरपिन वळणं घेतो. प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक लिहिलेला आहे. वरून पलीकडे बोर्मिओपर्यंत उतरायला आणखी तेवढाच वेळ. सायकलस्वार, मोटरसायकली आणि वळणावर मागे-पुढे करणारी बस धरली, तर या पन्नासएक किलोमीटरला दोन तास ठेवावेत. शिवाय २७५७ मीटरवर थांबावंसं वाटतंच.

हा रस्ता इतका उंचावरून का नेला, याचं उत्तर राजकारणात आहे. नेपोलियनच्या पाडावानंतर लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या ताब्यात आली. मिलान आणि व्हिएन्ना यांना स्वतःच्याच हद्दीतून जोडणारा रस्ता सम्राटाला हवा होता. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात तो बांधून दाखवला. १८५९ मध्ये लोंबार्दी हातची गेली, खिंड सीमेवर आली, आणि पहिल्या महायुद्धात तिच्या आजूबाजूच्या शिखरांवर ऑस्ट्रिया आणि इटलीचे सैनिक समोरासमोर उभे ठाकले. आज प्रवासी ज्या वळणांची छायाचित्रं काढतो, ती अशी एका साम्राज्याच्या गरजेतून आली आहेत.

स्लोव्हेनियातल्या व्रशिच खिंडीचा इतिहास याहून वेदनादायी. उंची फक्त १६११ मीटर, वळणं ५०, क्रान्स्का गोराच्या बाजूची वळणं अजूनही दगडी फरशांची. पहिल्या महायुद्धात सोचा नदीच्या आघाडीला रसद पोचवण्यासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीने हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमस्खलन झालं आणि अनेक कैदी, पहारेकरी त्याखाली गेले. वाचलेल्या सोबत्यांनी लाकडी प्रार्थनाघर बांधलं. चढताना रस्त्यालगतच ते दिसतं. मार्गात स्लोव्हेनियाला जागा नाही म्हणून हा फाटा गाळणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा. ऑस्ट्रियातल्या फिलाखहून क्रान्स्का गोरा गाडीने तासाच्या आत येतं.

एक नमुना मार्ग असा : म्युनिकहून झेल आम झे, ग्रोसग्लॉकनर ओलांडून लिएन्झ, तिथून पूर्वेला वळून व्रशिच, मग परत पश्चिमेला कोर्तिना आणि डोलोमाइट्स, बोल्झानो, स्टेल्व्हिओ, सेंट मॉरिट्झ, आंडरमाट, फुर्का, ग्रेट सेंट बर्नार्ड आणि आओस्टा. गाडी म्युनिकलाच परत करायची तर आंडरमाटहूनच उत्तरेकडे वळावं. दुसऱ्या देशात गाडी सोडण्याचं शुल्क अनेकदा भाड्याइतकंच होतं. दिवसाला दोन खिंडी आणि दीडशे-दोनशे किलोमीटर, यापलीकडे बेत नसावा.

प्रत्येक खिंडीला पर्याय मात्र हवाच. गोटहार्ड खिंड बंद असेल तर खालून १९८० साली सुरू झालेला सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा आहे. उन्हाळी सुट्ट्यांत बोगद्यापुढे काही किलोमीटरची रांग लागते, तेव्हा उलट खिंडच बरी. फुर्काच्या खालून रेआल्प ते ओबरवाल्ड गाडीसकट आगगाडीत चढून जाता येतं. जून २०२४ मध्ये अतिवृष्टीने सान बेर्नार्डिनोकडे जाणाऱ्या स्विस महामार्गाचा एक तुकडा वाहून गेला आणि तो मार्ग सुमारे दोन आठवडे बंद राहिला. जानेवारी २०२५ पासून ब्रेनर महामार्गावरच्या लूएग पुलावर जीर्णतेमुळे वाहतूक बराच काळ प्रत्येक दिशेला एकाच मार्गिकेवर आणली गेली. पर्वत आणि पूल दोन्ही थकतात, म्हणून पर्यायी रस्ता घरूनच लिहून न्यावा.

टोलचा हिशेब थोडक्यात. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी वर्षाचाच पास मिळतो, ४० फ्रँकचा. एक दिवस जायचं असलं तरी तोच. ऑस्ट्रियात एक दिवस, दहा दिवस, दोन महिने असे पर्याय आहेत, पण ब्रेनर महामार्गाचा टोल वेगळा भरावा लागतो. ग्रोसग्लॉकनरचाही. स्लोव्हेनियात आठवड्याचा पास. इटली आणि फ्रान्समध्ये अंतरानुसार नाक्यावर. जर्मनीत कारला काही नाही.

चालवण्याचे दोन नियम ध्यानात ठेवावेत. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या फलकावर पिवळं पोस्टाचं शिंग दिसलं की त्या रस्त्यावर पिवळ्या पोस्टबसच्या चालकाचा शब्द अखेरचा. वळणाआधी ती तीन सुरांचा हॉर्न वाजवते, तो ऐकला की रुंद जागा पाहून थांबावं, आणि चालकाने मागे घ्यायला सांगितलं तर घ्यावी. आणि उतारावर खालचा गिअर. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर हाताने कसा बदलतो, हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्यावं, कारण स्टेल्व्हिओच्या उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की ते तापतात.

खिंड उघडी आहे की नाही, हे पायथ्याच्या गावातल्या फलकावर लिहिलेलं असतं. जूनमध्ये किंवा सप्टेंबरअखेर एका रात्रीत बर्फ पडून हा फलक सकाळी बदललेला असू शकतो. म्हणून उंच खिंडीच्या पलीकडची खोली शक्यतो शुल्क न भरता रद्द करता येईल अशीच घ्यावी. पुढच्या भागात अशा पायथ्याच्या गावांमधल्या मुक्कामांचा विचार करू.