वाढण्याचा क्रम आणि पंगत



गेल्या स्नेहभोजनात आम्ही प्रथमच 'बुफे' ठेवला. मोठ्या मुलांनी आधी हात मारला आणि बालवर्गाची पाळी येईपर्यंत कुंदा संपला! त्यावेळी सातवीच्या एका मुलीने विचारले, "सर, हॉटेलात एकेक पदार्थ क्रमाने आणून देतात, तसे का केले नाही?"

हा क्रम युरोपातही पूर्वी नव्हता. जुन्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीचे अनेक पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. ज्याच्या हाताशी जे असेल, ते त्याला मिळे. मध्यंतरी करमणूक होई. तिला 'आंत्रमे', म्हणजे 'पदार्थांच्या मधले', असे म्हणत. १४५४ साली लील शहरात बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने दिलेल्या मेजवानीत तर प्रचंड पेस्ट्रीच्या आत बसून वादक वाजवत होते! पुढे १९व्या शतकात रशियन पद्धत रूढ झाली. वाढपी एकामागून एक पदार्थ प्रत्येकापुढे आणू लागले. पदार्थ गरम मिळू लागला, आणि सर्वांना सारखा. आजचे 'कोर्स' ते हेच.

आपल्या पंगतीतही क्रम आहेच. ताटात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. आधी वरणभात-तूप, मग पोळी व पक्वान्न, मध्ये मसालेभात, शेवटी ताकभात. मध्यंतरी श्लोक म्हणतात, लग्नात उखाणे घेतात. हेच आपले 'आंत्रमे'! आपल्या कर्नाटकातील कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या भोजनासाठी वेगळे प्रकरणच लिहिले आहे.

परंतु एक गोष्ट लपवून चालणार नाही. ताटातला क्रम सुंदर होता, तरी पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसत. यालाच पंक्तिभेद म्हणत. १९२० साली कोल्हापूरजवळच्या माणगाव परिषदेत राजर्षी शाहू महाराज व डॉ. आंबेडकर अस्पृश्यतेविरुद्ध एकाच व्यासपीठावर आले, तो इतिहास आपल्या अगदी शेजारचा आहे.

म्हणून यंदा आम्ही पंगतच घालणार आहोत. जो येईल तो शेजारी बसेल. नववीची मुले-मुली वाढतील, बालवर्ग पहिल्या पंगतीला बसेल आणि आम्ही शिक्षक शेवटच्या. कुंदा सर्वांना सारखाच मिळेल. वाढप्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे : शेवटच्या पानापर्यंत पुरले, तरच वाढणे नीट झाले.