संधीचं व्याज

शालेय क्रिकेटच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या पालकांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो : वशिला. अमक्याचे वडील संघाचे कपडे पुरवतात, तमका सरांच्या शिबिराला जातो. यातलं काही खरं असतंच. पण मुंबईतलं शालेय क्रिकेट बरीच वर्षं पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की उघड वशिल्यापेक्षा एक मुका पक्षपात मुलांचं अधिक नुकसान करतो. आणि तो करणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

आधी या खेळाची घडण पाहू. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाही. यात कोणी कोणावर अन्याय केला नव्हता. फुटबॉलमध्ये अकराही जण सतत धावत असतात; क्रिकेटमध्ये मात्र अकरांत असलेला मुलगाही एकही चेंडू न खेळता घरी येऊ शकतो. संधी मुळातच तुटपुंजी, म्हणून ती कोणाला मिळते याला महत्त्व.

मुका पक्षपात सुरू होतो जन्मतारखेपासून. १९८५मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या कुमार आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजला जाई. आणि वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी होती. आपल्याकडे क्रिकेट मंडळाचा वयोगट १ सप्टेंबरला सुरू होतो. सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच गटात उभे राहतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, खांदा, चेंडूचा वेग. प्रशिक्षकाला त्यात गुणवत्ता दिसते.

मग त्या मुद्दलावर व्याज चढतं. निवडलेल्याला जास्त सामने, चांगलं नेट, सरांची नजर. तेंडुलकरने आत्मचरित्रात लिहिलं आहे, की आचरेकर सरांनी त्याला ६० दिवसांच्या सुट्टीत ५५ सराव सामने खेळवले. प्रतिभा होतीच, तिला चेंडूही मिळाले. साध्या शाळेतही दोन वर्षांत निवडलेला मुलगा खरोखरच सरस होतो, आणि ‘मी गुणांवरच निवडलं’ असं म्हणणारे सर खोटं बोलत नसतात.

माझा भाचा ऑगस्टातला. तीन हंगाम राखीव. ‘मला का घेत नाही’ असं विचारलं, की सर चिडत. एकदा त्यानेच, वडिलांना मागे ठेवून, सामना नसलेल्या दिवशी प्रश्न बदलला : ‘सर, संघात यायला माझं नेमकं काय कमी पडतं?’ उत्तर आलं : सीमारेषेवरून फेक पोचत नाही. वर्षभर त्याने फेक घोटली. चौथ्या हंगामात आठव्या क्रमांकावर खेळला. तो मोठा खेळाडू झाला नाही, पण त्याला मोजता येणारं उत्तर मिळालं होतं. उत्तर दर वेळी बदलत असेल, तर मात्र तो वशिलाच समजावा आणि दुसरं मैदान शोधावं. कांगा लीगसारख्या क्लब स्पर्धांमुळे मुंबईत शाळेबाहेरही वाट आहे.

पण सगळा भार मुलावर टाकणं बरं नव्हे. इंग्लंडमध्ये लहानांचं क्रिकेट जोड्यांनी खेळवतात : प्रत्येक जोडीला ठरावीक षटकं, बाद झालं तर धावा वजा होतात, पाळी जात नाही. अमेरिकेत १९६४मध्ये सुरू झालेल्या एका कुमार फुटबॉल संघटनेत प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना मिळतो.

आपल्याकडे शील्डचे सामने असे खेळवा, असं मी म्हणणार नाही. ते जिंकण्यासाठीच असतात. सराव सामने मात्र शिकण्यासाठी असतात. त्यांच्या गुणवहीत प्रत्येक चेंडूची नोंद असतेच. हंगामाच्या मध्यावर पंधराही मुलांनी किती चेंडू खेळले, किती षटकं टाकली याची बेरीज करून ती फळ्यावर लावावी. ज्याच्या नावापुढे शून्य आहे, त्याला पुढच्या सराव सामन्यात सलामीला पाठवावं. कुजबुजीला त्याहून सरळ उत्तर मला सुचत नाही.