भिंती नसलेल्या नाट्यगृहाचा इतिहास कोण जपणार?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या या वास्तूचे मूळ नाव पॅलेस थिएटर. गरिबीतून वर आलेल्या एका गायक नटाचे नाव तिला पुढे मिळाले. आग लागली तेव्हा कोल्हापूरचे कलावंत आणि रसिक रस्त्यावर उभे राहून रडले. शासनाने तातडीने कोट्यवधींचा निधी जाहीर केला आणि नाट्यगृह होते तसे पुन्हा उभारण्याचे ठरले.

ही बातमी आम्ही इकडे चंद्रपुरात वाचली तेव्हा आम्हालाही दुःख झाले. ज्या राजाने १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, ज्याने गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सर्वांदेखत चहा घेतला, त्या राजाने हे नाट्यगृह बांधले होते. ते पुन्हा उभे राहिलेच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र या निमित्ताने एक प्रश्न विचारणे आम्हाला आवश्यक वाटते. ‘ऐतिहासिक नाट्यगृह’ म्हणजे नेमके काय? दगड, लाकूड आणि नक्षी, की तेथे तिकीट काढून बसलेला माणूस?

मुंबईची दोन उदाहरणे घेऊ. गिरगावजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उघडले गेले. १९९३ साली ते बंद पडले. गोंडलच्या राजघराण्याकडे त्याची मालकी. काही वर्षे खपून त्याचा जीर्णोद्धार झाला, २०१६ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडले आणि २०१७ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. चांगलेच झाले. सोनेरी नक्षीच्या छताखाली बसून नाटक, गाणे ऐकण्याचा आनंद कोणाला नको आहे?

दुसरे उदाहरण परळच्या दामोदर नाट्यगृहाचे. जुन्या लोकांच्या तोंडी दामोदर हॉल. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली गिरणगावात ते उभे केले. गिरणीत पाळी करून आलेला कामगार येथे स्वतः नाटके करीत असे आणि पाहत असे. आपल्या चळवळीच्या दृष्टीने या हॉलचे महत्त्व आणखी मोठे आहे. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली होती. अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडणारी मध्यवर्ती संस्था काढावी काय, याचा विचार त्या सभेत झाला आणि त्यातूनच त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली. २०२३ साली हे नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद करण्यात आले. ते वाचावे म्हणून कलावंतांना आंदोलन करावे लागले. बादशहाच्या नाट्यगृहाला जीर्णोद्धार आणि कामगारांच्या नाट्यगृहाला पुनर्विकास! शब्द दोन्ही गोड आहेत. अर्थ मात्र निराळे आहेत.

आता आपल्याकडे वळू. चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्वी एकच जिल्हे, चांदा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. गोंडराजांचा किल्ला आहे, मार्कंड्याचे देऊळ आहे, पण जीर्णोद्धार करावा असे शंभर वर्षांचे नाट्यगृह नाही. म्हणून कोणी म्हणेल की या जंगलपट्ट्याला नाटकाचा इतिहास नाही. असे म्हणणाऱ्याने दिवाळीनंतर एकदा वडशाला यावे.

वडसा म्हणजे देसाईगंज. रेल्वे स्टेशनचे हे गाव झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांचा हा पट्टा. नाट्यमंडळांची कार्यालये येथे रांगेने लागलेली असतात. मंडळांची संख्या पन्नासच्या घरात सांगितली जाते. धान घरात आले की हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतो. गावात मंडई किंवा शंकरपट असला की रात्री नाटक हे ठरलेलेच. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकीही जमतात. काही गावांत एकाच रात्री दोन-दोन, तीन-तीन नाटके होतात आणि सगळीकडे गर्दी असते.

नाट्यगृह कुठे असते? धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत. दिवसभर खपून गावची पोरे जमीन सारखी करतात, मंच उभारतात, कनाती लावतात. खाली तणस, त्यावर घरून आणलेली सतरंजी, अंगावर घोंगडी किंवा चादर. रात्री नऊ-दहाला सुरू झालेले तीन अंकी नाटक पहाटेपर्यंत चालते. मंचावर हार्मोनियम, तबला, ऑर्गन, वरून लोंबणारे माईक, पडद्याआड प्रॉम्प्टर. आज या गावी एक नाटक, उद्या त्या गावी दुसरे, अशी नटांची धावपळ. त्यामुळे प्रॉम्प्टरशिवाय चालत नाही. मुलगा रडवणाऱ्या प्रसंगात बाया डोळ्यांना पदर लावतात, खलनायकाला शिव्या घालतात, विनोदाला शिट्ट्या वाजतात. सकाळी कनाती उतरतात, मंच मोडतो, बांधी पुन्हा बांधी होते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हे नाट्यगृह दर हंगामात मोडते आणि दर हंगामात नव्याने उभे राहते. पिढ्यान् पिढ्या ज्याचा जीर्णोद्धार लोक स्वतःच्या खर्चाने करीत आले, ते ऐतिहासिक नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककलांच्या मुळातून ही रंगभूमी वाढली. ज्या परशुराम खुणे यांना लोक झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात, त्या गडचिरोलीच्या कलावंताला २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग करणारा हा माणूस शेतकरी आहे. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी या नाटकाला भडक म्हणून नाक मुरडले, पण अनुदानाची वाट न पाहता मजूर, शेतकरी, कष्टकरी बायांच्या तिकिटांवर चालणारी व्यावसायिक रंगभूमी महाराष्ट्रात दुसरीकडे किती उरली आहे, हे त्यांनी सांगावे.

आम्ही पेशाने वकील आहोत, म्हणून एक कायद्याची गोष्ट येथे मांडतो. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वास्तू, शिल्प, लेणी अशा गोष्टींना स्मारक म्हणून संरक्षण मिळू शकते. अट एवढीच की ती वस्तू जागेवर उभी असली पाहिजे. रोज रात्री उभे राहणारे आणि पहाटे मोडणारे नाट्यगृह या व्याख्येत बसत नाही.

त्याहून मोठी अडचण आवाजाची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. या नियमात अपवाद आहे तो बंदिस्त जागेला. सभागृह, नाट्यगृह, समाजमंदिर, मेजवानीचा हॉल अशा बंद जागेत आतल्या लोकांपुरता आवाज रात्रीही चालतो. झाडीपट्टीच्या पत्रकांवर ‘भव्य बंदिस्त शामियाना’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण कनात म्हणजे भिंत नव्हे, हे कोणताही वकील सांगेल. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, त्यांना रात्रीचे नाटक हा हक्क. ज्यांच्या डोक्यावर फक्त आभाळ आहे, त्यांना ती मेहेरबानी. नाटक चालते ते कोणीतरी डोळेझाक करतो म्हणून, आणि डोळेझाक करणारा उद्या डोळे उघडूही शकतो.

आमचा या नियमाला विरोध नाही. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, अभ्यास करणाऱ्या पोराला शांततेचा हक्क आहेच. पण दिवसभर बांधीत राबणाऱ्याची करमणुकीची वेळ रात्रीच असते, हेही समजून घेतले पाहिजे. उपाय आहे. तालुक्या-तालुक्याला साधे, मजबूत, छप्पर असलेले, आवाज आत राहील असे नाट्यगृह बांधा. ते वर्षभर शाळांना, सभांना, जयंतीला, लग्नकार्याला उपयोगी पडेल आणि हंगामात नाटकाला. कोल्हापूरसाठी निधी मिळतो याचा आम्हाला आनंद आहे. कुरखेडा, आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल यांचीही नावे त्या यादीत आली पाहिजेत, एवढीच आमची मागणी आहे.

मात्र केवळ शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही. झाडीपट्टीचे गुणगान करणारे तिच्यातली दुखणी झाकतात, तसे आम्ही करणार नाही. नाटकाचे पत्रक हातात घ्या. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी अशी नावांची लांबलचक रांग असते. ती नावे वाचा आणि मंडपाचे खड्डे कोणी खोदले ते विचारा. गावातली सत्ता कोणाच्या हातात आहे, हे त्या कागदावरून कळते. नाटकांतही सोशिक सून, पतीसाठी झिजणारी पत्नी, शेवटी देवाच्या कृपेने सुटणारे संकट यांची रेलचेल असते. अलीकडे काही ठिकाणी नाटकाच्या आडून अश्लील नाचही घुसला आहे. त्याची बदनामी त्या नाचणाऱ्या पोरीच्या कपाळी येते, पैसे मात्र दुसरेच नेतात.

या रंगभूमीवर काम करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रात्रीचा प्रवास, परका गाव, कपडे बदलायला नीट जागा नाही, पहाटे परत गाडीत. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरोधी कायद्यात कामाचे ठिकाण म्हणजे फक्त कचेरी नव्हे. कामानिमित्त जेथे जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेले वाहनही त्यात येते. दहापेक्षा कमी माणसे काम करीत असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. किती कलावंत भगिनींना हे ठाऊक आहे? आणि आपल्यातल्या किती वकिलांनी वडशाला जाऊन त्यांना ते सांगितले? हंगामाचे चार-पाच महिने कमावून उरलेले महिने मजुरी करणाऱ्या कलावंताची असंघटित कामगार म्हणून नोंदणी, म्हाताऱ्या कलावंताचा मानधनाचा अर्ज, मंडळाशी लेखी करार ही कामे चळवळीतल्या शिकलेल्यांची आहेत. कोरोनाच्या काळात हंगाम बुडाला तेव्हा या माणसांच्या हाती एकही कागद नव्हता.

नाटक हा आपल्याला परका प्रांत नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि त्या काळी ते रंगमंचावर आले नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या वस्तीत नेला. म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ १९५५ साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांच्या समोर झाले आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेसाठी जमलेल्या जनसमुदायासमोरही झाले. ज्यांना देवळाच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, त्यांनी मैदानाचेच नाट्यगृह केले. जलसा काय आणि झाडीपट्टीचे नाटक काय, दोन्ही एकाच मातीत, एकाच आभाळाखाली वाढली. मग आज आपली लेखक मंडळी झाडीपट्टीकडे पाठ का फिरवतात? एका रात्री हजारो माणसे तिकीट काढून पहाटेपर्यंत जागी बसतात. इतका वेळ कोणत्या वक्त्याला मिळतो? तेथे अंधश्रद्धेवर, हुंड्यावर, जातीबाहेरच्या लग्नावर, जंगलाच्या हक्कावर झाडीबोलीत चांगले नाटक आले तर त्याचे काम शंभर भाषणांना होणार नाही. अट एकच, नाटक हे नाटक असले पाहिजे. रडवले पाहिजे, हसवले पाहिजे, गाणे असले पाहिजे. उपदेशाची पोथी वाचून दाखवाल तर प्रेक्षक सतरंजी झटकून घरी जाईल, आणि त्याचे बरोबरच असेल.

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे आहे. कोल्हापूरला गेलात तर शाहू महाराजांच्या नाट्यगृहात तिकीट काढून अवश्य नाटक पाहा. मुंबईला गेलात तर दामोदर हॉलचा इतिहास मुलांना सांगा. आणि येत्या हंगामात कुटुंबासह एखाद्या बांधीतल्या शामियान्यात जा. फुकट पासावर जाऊ नका, तिकीट काढा. नाटक संपल्यावर पडद्यामागे जाऊन कलावंतांशी बोला. काय आवडले ते सांगा, काय खटकले तेही सांगा.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला येऊन धम्मदीक्षा दिली. दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपली माणसे गावोगावाहून येतात. साधारण त्याच दिवसांत वडशाला नाटकांचे बुकिंग चालू असते. जयंती मंडळांनी आणि बुद्धविहार समित्यांनी वर्गणीतला काही भाग बाजूला काढून एका नव्या नाटकाची मागणी यंदा वडशाच्या मंडळांकडे नोंदवावी. लेखक आपल्यातून द्यावा, कलावंत झाडीपट्टीचे असावेत, आणि करार कागदावर असावा. तो कागद करून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू.

जयभीम!