जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय

जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय हे पुणे शहरातील कोथरूड येथे असलेले, प्रत्यक्ष धावणाऱ्या छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय आहे. मुळशीकडे जाणारा पौड रस्ता याच भागातून जातो. रेल्वेप्रतिकृतींचा छंद जोपासणारे बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांनी ते उभारले. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले.

इतिहास

भाऊ जोशी यांनी १९८२ मध्ये पुण्यातील गोपाळ हायस्कूलमध्ये छोट्या शहराची मांडणी उभी केली. तिच्यातील गाड्या व सिग्नल हाताने चालवले जात. १९८४ मध्ये मुंबईतील दादर येथील शिवाजी मंदिरात ही मांडणी लोकांना दाखवण्यात आली. अशी फिरती मांडणी दर वेळी सुटी करून पुन्हा जोडावी लागते आणि प्रत्येक जोडणीत रूळ व तारा किंचित हलतात. कायमस्वरूपी मांडणीत ही अडचण राहत नाही. कोथरूडच्या संग्रहालयात गाड्या संगणकाच्या साहाय्याने नियंत्रित केल्या जातात.

स्वरूप

मांडणीत वाफेच्या, डिझेलच्या व विजेच्या इंजिनांबरोबरच डोंगर चढणारी आणि टांगती रेल्वेही आहे. सभोवती स्थानके, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, सर्कस व पोहण्याचा तलाव असे शहर वसवले आहे. निवेदनासह होणाऱ्या खेळात प्रकाश मंद करून रात्रीचे शहरही दाखवले जाते.

प्रमाण

घरगुती रेल्वेमांडणीत जगभर सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण १:८७ हे असून त्यास 'एचओ' म्हणतात. यात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाणमापी रुळांशी जुळते. भारतातील रुंदमापी रूळ १,६७६ मिलिमीटरचे असल्याने त्यांच्या अचूक प्रतिकृतीसाठी सुमारे १९.३ मिलिमीटर अंतर लागते. म्हणून भारतीय गाडीची प्रतिकृती तयार मिळणाऱ्या रुळांवर चालवताना तडजोड करावी लागते.

जागेची तडजोड याहून मोठी असते. या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर. भारतीय रुंदमापी मार्गावरील १७५ मीटर त्रिज्येचे तीव्र वळण हुबेहूब करायचे तर दोन मीटर त्रिज्या लागेल. घरगुती मांडणीत मात्र ३६ सेंटिमीटर त्रिज्येची वळणेही सर्रास असतात. अशा वळणावर लांब डब्यांची टोके बाहेर झुकतात, त्यामुळे बोगदे व फलाट रुळांपासून थोडे दूर ठेवावे लागतात. चढाचेही तसेच आहे. बोरघाटातील चढ ३७ ला १ इतका आहे. छोट्या इंजिनाचे वजन कमी असल्याने तेवढ्या चढावरही लांब गाडी ओढताना त्याची चाके घसरू शकतात.

विद्युतरचना

प्रचलित पद्धतीत गाडीचे दोन रूळ याच विजेच्या दोन तारा असतात. १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह चाकांमधून इंजिनातील मोटारीत जातो. दाब वाढवला की वेग वाढतो आणि धन-ऋण ध्रुव बदलले की गाडी उलट धावते. स्लॉट कारच्या घरगुती शर्यतमार्गातही हेच तत्त्व वापरतात. तेथे खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्या रुळांचे काम करतात.

एका मार्गावर अनेक गाड्या चालवण्यासाठी रुळांना बारीक फटी देऊन स्वतंत्र विद्युतखंड पाडतात. पुढच्या खंडात गाडी असेल तर मागच्या खंडाचा प्रवाह तोडतात व सिग्नल लाल होतो. मार्ग वळून स्वतःलाच मिळाला तर डावा रूळ उजव्या रुळाला भिडतो आणि लघुपरिपथ होतो. त्यासाठी वळणाचा भाग विलग करून, गाडी त्यात असतानाच बाकीच्या मार्गाचे ध्रुव बदलावे लागतात. अंकीय पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देता येते.

देखभाल

अशा मांडणीचा मुख्य शत्रू धूळ होय. चाक व रूळ यांच्या स्पर्शाची जागा अत्यंत लहान असल्याने तेल, काजळी किंवा धुळीच्या पातळ थरानेही गाडी अडखळते. रूळ वरचेवर पुसणे, चाके स्वच्छ करणे, सांधे तपासणे आणि लांबच्या टोकाला दाब कमी पडू नये म्हणून ठिकठिकाणी जाड तारांनी प्रवाह पोहोचवणे ही कामे सतत करावी लागतात. उभारणी पूर्ण झाली तरी मांडणीचे काम संपत नाही. ती रोज चालती ठेवावी लागते.