कुंडलिकेचे पाणी आणि भुलीचा उतार

कोलाडला सकाळी वरच्या अंगाने वीजनिर्मितीचे पाणी सुटले की कुंडलिकेचे पात्र भरून येते आणि राफ्टिंगच्या होड्या निघतात. पाणी बंद झाले तरी पात्र एकदम रिते होत नाही. काही पाणी रोह्याकडे वाहून जाते, काही डोहांत रेंगाळते. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेली संपूर्ण भूलही शरीरातून अशीच टप्प्याटप्प्याने उतरते.

शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलच्या एका मात्रेनंतर रुग्ण साधारण ५ ते १० मिनिटांत जागा होऊ शकतो. मात्र तोवर औषध शरीराबाहेर गेलेले नसते. मेंदूतून निघून ते स्नायूंत व चरबीत पसरलेले असते. पुढे यकृत त्याचे रूप पालटून ते पाण्यात विरघळण्याजोगे करते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. श्वासावाटे दिलेल्या सेव्होफ्लुरेनचा मार्ग निराळा आहे. त्याचा बहुतांश भाग फुप्फुसांतूनच परत जातो, यकृताच्या वाट्याला अल्पसाच येतो.

श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी स्नायू सैल करण्यासाठी कधी सक्सामेथोनियम देतात. रक्तातील एक विकर त्याचे काही मिनिटांतच विघटन करते. परंतु दक्षिणेतील आर्य वैश्य या व्यापारी समाजात ते विकर जन्मतः नसल्याची वा क्षीण असल्याची उदाहरणे अधिक आढळली आहेत. अशा रुग्णाचे स्नायू कित्येक तास शिथिल राहतात. तोवर यंत्राने श्वास चालू ठेवावा लागतो. हा दोष आनुवंशिक असून इतर समाजांतही असू शकतो. म्हणून ‘काकांना शस्त्रक्रियेनंतर श्वास घ्यायला फार उशीर लागला होता’ ही घरातली आठवण भूलतज्ज्ञांच्या कानी आधीच घालावी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या खातेवह्या जपणाऱ्या आपल्या घरांनी या नोंदीलाही एक पान द्यावे.

आणि जाग आली म्हणजे हिशेब मिटला, असे समजू नये. सकाळी शस्त्रक्रिया होऊन सायंकाळी घरी परतलेला माणूस नीट बोलतो, हसतो. तरी त्याचा निर्णय व हातापायांची चपळाई पूर्ववत झालेली नसते. त्याने निदान २४ तास महामार्गावर गाडी नेऊ नये, दुकानाच्या गल्ल्यावर बसू नये, धनादेशावर वा खरेदीखतावर सही करू नये आणि रात्री घरात एकटे राहू नये. व्यवहार एक दिवस थांबला तर फारसे बिघडत नाही. अर्धवट शुद्धीत केलेली सही मात्र वर्षानुवर्षे निस्तरावी लागते.