अंधारात दगड हिरवा-लाल चमकतो, पण ही करामत धातूची नाही, त्यातल्या चिमूटभर भेसळीची असते

इन्स्टाग्रामवर हे रील तुम्हीही बघितलं असेल. हातात साधा राखाडी दगड. लाइट बंद होते, जांभळी टॉर्च मारली जाते आणि तोच दगड हिरवागार, लालभडक दिसायला लागतो. खाली कमेंट्स ठरलेल्या. ‘एडिट केलंय’, ‘रेडिओॲक्टिव्ह असणार’, ‘भाव सांगा’.

पण असे दगड खरंच असतात. त्यांचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं फ्रँकलिन आणि शेजारचं स्टर्लिंग हिल. इथं जस्ताच्या खाणी होत्या. फ्रँकलिनची खाण १९५४ मध्ये बंद झाली, स्टर्लिंग हिलची १९८६ मध्ये. १९६८ साली राज्यानं फ्रँकलिनला ‘चमकणाऱ्या खनिजांची जागतिक राजधानी’ जाहीर केलं.

दगड चमकतो म्हणजे नेमकं काय होतं?

टॉर्चमधून अतिनील किरण निघतात, जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. खनिज त्यांची ऊर्जा शोषून घेतं. त्यातली थोडी उष्णतेत जाते आणि उरलेली कमी ऊर्जेचा प्रकाश होऊन बाहेर पडते. हा प्रकाश आपल्याला दिसतो. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानं फ्लुओराइट या खनिजावरून या प्रकाराला ‘फ्लुरोसन्स’ असं नाव दिलं.

मग प्रत्येक दगड का चमकत नाही?

इथंच भेसळीचा विषय येतो. फ्रँकलिनला विलेमाइट नावाचं जस्ताचं खनिज मिळतं. ते हिरवं चमकतं, पण त्याला कारण जस्त नाही, मँगनीज आहे. आपल्या नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या खाणींमधून निघतं तेच मँगनीज.

खनिज तयार होताना मँगनीजचे थोडे अणू जस्ताच्या जागेवर जाऊन बसतात. दोघांचा विद्युतभार सारखा, आकारही जवळपास तेवढाच, म्हणून जागा मिळते. मग अतिनील ऊर्जा या मँगनीजपर्यंत पोचते आणि तिथून हिरवा प्रकाश बाहेर पडतो. मात्र मँगनीज प्रमाणाबाहेर वाढलं, तर चमक उलट कमी होते.

आता गंमत बघा. त्याच खाणीतलं कॅल्साइट लाल-नारिंगी चमकतं आणि त्यामागंही मँगनीजच आहे. मग रंग वेगळा कसा? विलेमाइटमध्ये मँगनीजभोवती ऑक्सिजनचे ४ अणू असतात, कॅल्साइटमध्ये ६. शेजार बदलला की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा बदलते आणि रंगही. शिवाय या कॅल्साइटमध्ये थोडं शिसंही असतं. ते अतिनील ऊर्जा पकडून मँगनीजकडे पोचवतं.

काही मूलद्रव्यं याच्या उलट काम करतात. लोह ही ऊर्जा खाऊन तिची उष्णता करून टाकतं. म्हणून स्फॅलेराइट या जस्ताच्या खनिजात मँगनीज असेल तर ते नारिंगी चमकू शकतं, पण लोह भरपूर असेल तर काळंच राहतं.

याचा खाणवाल्यांना काय फायदा?

उजेडात विलेमाइट आणि कॅल्साइट ओळखताना गोंधळ होतो. त्यातलं एक जस्त, दुसरं टाकाऊ. म्हणून फ्रँकलिनच्या कारखान्यात दळलेल्या मालावर अतिनील प्रकाश टाकून बघायचे. टाकाऊ मालात हिरवे ठिपके दिसले, म्हणजे पैसा कचऱ्यात चाललाय.

पण तिथलं जस्ताचं मुख्य खनिज, काळं फ्रँकलिनाइट, अजिबात चमकत नाही. त्यात लोह ठासून भरलेलं असतं. म्हणजे टाकाऊ कॅल्साइट झगमगतं आणि कामाचं फ्रँकलिनाइट अंधारात राहतं.

टंगस्टनच्या शीलाइट या खनिजात मामला वेगळा आहे. ते भेसळीशिवायच निळं चमकतं. त्यात टंगस्टनच्या जागी मॉलिब्डेनम घुसलं, की रंग आधी पांढरट आणि मग पिवळा होत जातो. त्यामुळे भूवैज्ञानिक रंग बघूनच मॉलिब्डेनमचा अंदाज बांधतात.

हीच युक्ती माणसानंही वापरली. जुन्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर जी हिरवी रेघ दिसायची, तिच्यासाठी मँगनीज घातलेलं कृत्रिम विलेमाइट वापरलं जायचं.

मग रील बघून दगड विकत घ्यायचा का?

हौस म्हणून घ्या, पण चमक म्हणजे किंमत नाही. चमक म्हणजे रेडिओॲक्टिव्ह असंही नाही. युरेनियमची काही खनिजं चमकतात हे खरं, पण विलेमाइट आणि कॅल्साइट मँगनीजमुळे चमकतात.

आणि नोटा तपासायच्या स्वस्त टॉर्चखाली दगड चमकला नाही, तर लगेच टाकूनही देऊ नका. तिचे किरण लांब तरंगलांबीचे असतात. शीलाइटला लागतात आखूड तरंगलांबीचे. हे आखूड किरण डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतात, त्यामुळे असा दिवा वापरताना चष्मा हवाच.